बिनमिठाच्या वॉर्डात चवदार आमटी

"तीन दिवस झाले, जेवणाबद्दल एकही तक्रार आलेली नाही," दीक्षित मॅडम फोनवर म्हणाल्या. "काहीतरी गडबड आहे. तुम्ही येऊन बघा."

सॉफ्टवेअरच्या धंद्यात मला सव्वीस वर्षं झाली. तक्रारींचे फोन मी झोपेतही घेऊ शकते. तक्रार नाही म्हणून तक्रार करणारा हा पहिलाच. मी म्हटलं, "मॅडम, ही तर चांगली गोष्ट आहे."

"कांबळे मॅडम, माझ्याकडे बारा पेशंट बिनमिठाच्या जेवणावर आहेत. बिनमिठाची आमटी खाऊन माणूस गप्प बसत नाही. अठरा वर्षं मी त्यांच्या शिव्या खातेय. सोमवारपासून शिव्या बंद झाल्यात. काल एकाने आमटी दुसऱ्यांदा मागितली."

शेवटचं वाक्य मी कागदावर लिहून घेतलं.

दीक्षित मॅडम परळच्या एका ट्रस्ट हॉस्पिटलमध्ये मुख्य डाएटिशियन आहेत. कोणत्या पेशंटने काय खायचं ते त्या ठरवतात. साखर चालेल का, मीठ चालेल का, घट्ट की पातळ, सगळं त्या कॉम्प्युटरवर भरतात. दर जेवणाआधी तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात प्रत्येक पेशंटच्या नावाचा स्टिकर छापला जातो, तो ताटाच्या झाकणावर चिकटतो आणि ताट वर जातं. हे सॉफ्टवेअर आमचं. आमचं ऑफिस दादरला, साड्यांच्या दुकानाच्या वर. मी टीमची प्रमुख.

मीठ या सॉफ्टवेअरमध्ये अगदी परवा-परवा आलं. त्याआधी मिठाची व्यवस्था परब मामांकडे होती. परब मामा म्हणजे तिथले मुख्य आचारी, मालवणचे. आमटीत मीठ पडायच्या आधी ते बारा वाट्या बाजूला काढायचे आणि त्या ताटांच्या झाकणांना लाल रबरबँड लावायचे. लाल रबर म्हणजे मीठ नाही. वर्षानुवर्षं हे चाललं आणि कधी चुकलं नाही. पण ट्रस्टच्या मंडळींना ते बरं दिसेना. एवढं मोठं हॉस्पिटल आणि झाकणाला रबर. मग मिठाचीही नोंद सॉफ्टवेअरमध्ये घ्या, स्टिकरवर छापा, असं ठरलं. आम्ही ते केलं. सोमवारी सकाळी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, म्हणजे रिलीज, गेला आणि त्याच दिवशी रबरं बंद झाली.

मी फोन ठेवून राणे सरांच्या केबिनमध्ये गेले. कंपनी राणे सरांची. कोड त्यांना कळत नाही, पण कोड बिघडलाय की नाही हे त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळतं. त्या दिवशी मात्र त्यांनी चेहऱ्याकडे बघितलंच नाही, कारण ते स्लाइड बनवत होते.

"सुजाता, बस. हे बघ. वॉर्डातले फीडबॅकचे फॉर्म आलेत. सगळ्यांनी हसरा चेहरा टिक केलाय. सगळ्यांनी! आपल्या सॉफ्टवेअरमुळे जेवणाची चव सुधारली, असं लिहू ना?"

"सर, ते खरं असेल अशी मला भीती वाटतेय."

"म्हणजे?"

"म्हणजे स्लाइड थांबवा. मी परळला जाऊन येते."

अकरा वाजता मी दीक्षित मॅडमच्या टेबलापाशी होते. त्यांनी एका पेशंटचं पान उघडून दाखवलं. खाट क्रमांक चौदा, तांबे. हृदयाचा त्रास, पायाला सूज. खाली स्पष्ट लिहिलं होतं, मीठ: नाही. त्यांनी दुसरा उघडला, तिसरा उघडला. मीठ नाही, मीठ नाही. माझा जीव भांड्यात पडला.

"मॅडम, सॉफ्टवेअर बरोबर आहे," मी जरा जोरातच म्हटलं.

"मग खाली जाऊ या," त्या म्हणाल्या.

खाली परब मामा दुपारच्या ताटांची तयारी करत होते. स्टिकरांची भेंडोळी मशीनमधून नुकतीच बाहेर आली होती. मी चौदा नंबरचा स्टिकर शोधला. तांबे. साखर: नेहमीची. मीठ: नेहमीचं.

माणूस तोच, खाट तीच. वरच्या मजल्यावर मीठ नाही आणि तळमजल्यावर नेहमीचं. जीव पुन्हा भांड्याबाहेर आला.

"मामा, सोमवारपासून तुम्ही बिनमिठाचं वेगळं काढताय की नाही?" मॅडमनी विचारलं.

परब मामांनी डाव खाली ठेवला. "मॅडम, माका सांगितलेला काय? स्टिकर वाच आणि ताट लाव. स्वतःचा डोक्या चालवू नको. मी चालवूक नाय."

"अहो, पण आधी रोज बारा ताटं असायची. अचानक एकही नाही? तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"वाटला ना," मामा शांतपणे म्हणाले. "माका वाटला, सगळे बरे झाले."

मी आमटी चाखली. घरच्यासारखी होती. मीठ अगदी बेताचं, जिथे हवं तिथे. सव्वीस वर्षांत माझ्या सॉफ्टवेअरचा एवढा चांगला परिणाम मी पाहिला नव्हता.

दीक्षित मॅडमनी वेळ घालवला नाही. त्यांनी बाराही पेशंटच्या डॉक्टरांना फोन लावले. परब मामांनी मुगाची दुसरी आमटी बिनमिठाची टाकली, आणि खिडकीवरच्या डब्यातून लाल रबरं काढली. टाकून द्या असं सांगितलं होतं ना, असं मॅडम म्हणाल्या तेव्हा त्यांनी एवढंच म्हटलं, "सांगितलेला. पण माझो मशीनीर इस्वास नाय." मी खाली मान घालून स्टिकरांकडे बघत राहिले.

बारापैकी अकरा जणांचं प्रकरण थोडक्यात निभावलं. कोणाचं ब्लडप्रेशर थोडं चढलं होतं, कोणाचं तेवढंही नाही. अडचण चौदा नंबरची होती. वॉर्डातल्या डॉक्टर मुलीने सांगितलं, की त्यांचं वजन चार दिवसांपूर्वीपर्यंत उतरत होतं. हृदयाच्या पेशंटचं वजन उतरणं म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी निघणं. मग अचानक ते चढायला लागलं. पायाची सूज परत आली. तिच्या वरच्या डॉक्टर सरांना वाटलं गोळी लागू पडत नाहीये. आता जोराचं औषध सुरू करायचं आणि आणखी आठवडाभर ठेवून घ्यायचं, असं ठरत होतं.

"पण हे मिठामुळे असेल तर?" मी विचारलं.

"तर गोष्ट वेगळी. पण मला कळायला हवं, नक्की कधीपासून आणि किती. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये छापलेल्या स्टिकरची नोंद आहे का?"

नव्हती. स्टिकर छापून कचऱ्यात जायचे.

"मग पेशंटलाच विचारू," ती म्हणाली. "पण ते काही बोलत नाहीत. जेवण बिनमिठाचंच होतं म्हणतात. तो अख्खा वॉर्डच तसं म्हणतो."

मी वॉर्डात शिरले आणि चौदा नंबरच्या खाटेवर मला आमचे तांबे काका दिसले. तांबे हे नाव काही दुर्मीळ नाही, त्यामुळे तोवर डोक्यात आलं नव्हतं. नायगावच्या बीडीडी चाळीत आमच्यापासून तिसऱ्या खोलीत राहायचे. जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते. चाळ पाडायला घेतली तेव्हा ते मुलाकडे गेले आणि माझी आई माझ्याकडे आली.

"जय भीम काका."

"जय भीम. अगो सुजाता, तू इथं कशी? आई बरी हाय ना?"

"बरी आहे. तुमची आठवण काढते. रविवारी चाव्या आहेत ना, तिथे भेटाल म्हणत होती."

चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या आमच्या नवीन इमारतीच्या चाव्या रविवारी मिळणार होत्या. काकांचा चेहरा उजळला. "तेच तर गो. रविवारपर्यंत सोडतील म्हणालेत. मुलगा म्हणतो, बाबा, मी घेतो चावी, तुम्ही पडून राहा. मी म्हटलं, त्या खोलीत मी जन्मलो. एका खोलीत नऊ माणसं झोपलो. तुझ्या काकूनं आयुष्य काढलं, नवीन घर बघायला ऱ्हायली नाय. चावी माझ्या हातात पडली पायजे. मग बाकी काय व्हायचं ते होऊ दे."

मला पुढचा प्रश्न विचारवेना. पण विचारला. "काका, इथलं जेवण कसं आहे?"

शेजारच्या पाच-सहा खाटांवरची माणसं छताकडे बघू लागली.

"ठीक हाय," काका म्हणाले.

"मीठ असतं?"

"छे. बिनमिठाचंच. पथ्य म्हटल्यावर काय करणार."

मी लहान असताना याच माणसाने मला सांगितलं होतं, की तिकीट न काढलेला माणूस कसा ओळखायचा. तो खिडकीबाहेर फार लक्ष देऊन बघतो. काका आता खिडकीबाहेर फार लक्ष देऊन बघत होते.

मी स्टुलावर बसले. "काका, डॉक्टरांना वाटतंय की तुमची गोळी काम करत नाही. म्हणून ते औषध वाढवणार आहेत आणि आणखी एक आठवडा ठेवून घेणार आहेत. पण जेवणात चुकून मीठ आलं असेल, तर गोळीचा दोष नाही. मग मीठ बंद केलं की तुम्ही रविवारी घरी. आता सांगा, जेवण कसं आहे?"

बारा नंबरचा म्हातारा हळूच म्हणाला, "तांबे, सांगून टाका." तेव्हा काकांनी खिडकीवरून नजर काढली.

"सोमवार दुपार. मुगाची आमटी. पयला घास घेतला आणि डोळ्यात पाणी आलं गो."

"सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर बंद केलं असतं."

चूक सापडू नये म्हणून वापरणारेच एकजूट करतात, हे आमच्या कुठल्याही ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. काकांनी अख्ख्या वॉर्डाला तंबी दिली होती, की कोणी तारीफ करायची नाही, तोंड वाकडं करून खायचं. फॉर्मवर टिक मात्र सगळ्यांनी मनापासून केली.

डॉक्टर मुलगी वही घेऊन उभी होती. "एकूण किती जेवणं, आजोबा?"

"सहा जेवणं, तीन नाश्ते," काका म्हणाले. तिकिटांचा हिशेब देणाऱ्या माणसाला यात विचार करावा लागला नाही. "उपमा दोनदा, पोहे एकदा. काल रातच्या उसळीत जरा कमी होतं."

तिने सगळं लिहून घेतलं आणि ती लगबगीने त्या डॉक्टर सरांकडे गेली. मी उठले. मला भयंकर राग आला होता आणि लाजही वाटत होती. "काका, ही चूक आमच्या ऑफिसची आहे. ज्याने केली त्याला मी सोडणार नाही."

"जाऊ दे गो. चार दिवस माणसासारखा जेवलो. त्याला माझा आशीर्वाद सांग."

दादरला परत येताना टॅक्सीत मी मनातल्या मनात नीलेशला झापत होते. नीलेश माझ्या टीममधला सगळ्यात अनुभवी माणूस. मिठाचं काम मी त्यालाच दिलं होतं. आमच्या ऑफिसात माझा एक नियम आहे आणि मी त्याबद्दल बदनाम आहे. रिलीजच्या आधी एकही पिवळी ओळ दिसता कामा नये. आपण प्रोग्रॅम लिहितो तेव्हा कॉम्प्युटर तो तपासतो. काही अगदीच चुकलं तर लाल ओळ येते आणि गाडी पुढे जात नाही. काही संशयास्पद वाटलं तर पिवळी येते. गाडी जाते, पण कॉम्प्युटर कुरकुरतो. मला कुरकुर खपत नाही.

आता चूक काय होती ते सांगते. घाबरू नका, सोपं आहे.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आहाराचा एक मूळ साचा आहे, त्याचं नाव 'आहार'. त्यात सगळ्या गोष्टी नेहमीच्या. साखर नेहमीची, मीठ नेहमीचं. या गोष्टींना आम्ही प्रॉपर्टी म्हणतो. या मूळ साच्यापासून पुढचे साचे निघतात. मधुमेहाचा आहार, बिनमिठाचा आहार, पातळ आहार. ही मुलं. मुलांना सगळं परत लिहावं लागत नाही. जे ते सांगणार नाहीत ते वडिलांकडून आपोआप येतं. फक्त जिथे वेगळं हवं तिथे मुलाने सांगायचं, की ही गोष्ट माझी वेगळी आहे.

आणि हे सांगायची एक पद्धत आहे. आधी वडिलांनी त्या गोष्टीवर मुभा लिहून द्यायची, की मुलांना हवं तर बदलू दे. त्या शब्दाला म्हणतात व्हर्च्युअल. मग मुलाने लिहायचं ओव्हरराइड. म्हणजे वडिलांचं या बाबतीत चालणार नाही, कोणीही विचारलं तरी माझंच उत्तर जाईल.

हे दोन शब्द न लिहिता मुलाने नुसतंच स्वतःचं मीठ ठेवलं, तर दोन मिठं तयार होतात. एक वडिलांचं, एक मुलाचं. दोन्ही जिवंत. मग कोणतं मिळेल हे हाक कशी मारली त्यावर ठरतं. चाळीत माझ्या धाकट्या भावाचं तसंच होतं. त्याला नावाने हाक मारली तर तो ओ द्यायचा. पण कोणी 'ए यशवंतराव' म्हणून वडिलांच्या नावाने हाक मारली, की वडीलच दार उघडायचे, मग भाऊ आतल्या खोलीत का असेना.

दीक्षित मॅडमच्या स्क्रीनवर एकेक पेशंट उघडला जायचा आणि त्याच्या नेमक्या साच्याला हाक मारली जायची, की ए बिनमिठाच्या आहारा, तुझं मीठ सांग. तो सांगायचा, नाही. स्वयंपाकघरातलं मशीन मात्र सगळ्यांना एका रांगेत उभं करून एकाच नावाने हाक मारायचं. ए आहारा, तुझं मीठ सांग. वडील ओ द्यायचे, नेहमीचं.

साखरेचं असं झालं नव्हतं. साखरेची ओळ पाच वर्षांपूर्वीची होती आणि तिथे दोन्ही शब्द जागच्या जागी होते. ती नीलेशनेच लिहिली होती. हे बघून माझा राग आणखी वाढला. ज्याला येतं त्याने चुकावं म्हणजे काय.

मिठाच्या ओळीवर मला दुसराच शब्द दिसला. न्यू. हा शब्द कोणी चुकून लिहीत नाही. ओव्हरराइड विसरलात तर कॉम्प्युटर पिवळी ओळ देऊन सांगतो, की तुमची ही प्रॉपर्टी वडिलांच्या प्रॉपर्टीला झाकते आहे, झाकायचीच असेल तर न्यू लिहा. आणि तुम्ही न्यू लिहिलंत की कॉम्प्युटर समजतो, यांना दोन मिठं मुद्दाम हवी आहेत. पिवळी ओळ जाते. चूक आहे तिथेच राहते, फक्त कुरकुर बंद होते.

मी अख्ख्या टीमला माझ्या टेबलामागे बोलावलं. प्रत्येक ओळ कोणी आणि कधी लिहिली याची नोंद आमच्याकडे राहते. "आता सगळ्यांनी बघा," मी म्हटलं, "पिवळी ओळ न वाचता पुसली की काय होतं ते. कोणी पुसली हे आपण आत्ता बघू." नीलेश सगळ्यात मागे हाताची घडी घालून उभा होता. मी बटण दाबलं.

नाव आलं. सुजाता कांबळे. गेल्या आठवड्यातला शुक्रवार, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मग मला आठवलं. शुक्रवारी नीलेश मुलीच्या शाळेत मीटिंग होती म्हणून लवकर गेला होता. मी निघता निघता रिलीज तपासला. एकच पिवळी ओळ होती. मी तिचं शेवटचं वाक्य वाचलं, न्यू लिहा. लिहिलं, ओळ गेली, मी पर्स उचलली. जाताना मला फार व्यवस्थित वाटत होतं.

"नीलेश, तू सोमवारी बघितलं नाहीस का?"

"बघितलं, मॅडम. मिठाचं रिलीजच्या आधी पुन्हा बघायचं, असं मी स्वतःला लिहून ठेवलं होतं. पण सकाळी पिवळी ओळच नव्हती. तुमचं नाव होतं तिथे. मला वाटलं, मॅडमनी केलंय म्हणजे नीट केलं असणार."

हे त्याने अजिबात टोमणा मारल्यासारखं म्हटलं नाही, म्हणून जास्त लागलं. मी त्याची माफी मागितली. टॅक्सीत त्याला किती बोलले होते हे त्याला माहीत नव्हतं, पण त्याचीही मागितली. तो म्हणाला, "कशाबद्दल?" मी म्हटलं, "असू दे."

दुरुस्तीला एक मिनिट लागलं. वडिलांच्या ओळीत व्हर्च्युअल, मुलाच्या ओळीतला न्यू खोडून ओव्हरराइड. मग आम्ही बाराही पेशंटचे स्टिकर ऑफिसातच छापून बघितले. शुक्रवारीही छापून बघितला होता, पण एकच, आणि तो साध्या आहाराचा. फार सुबक आला होता.

राणे सर रिपोर्ट लिहायला बसले. "सुजाता, काय लिहू? तांत्रिक कारणामुळे, एवढं पुरे ना? जास्त खोलात कशाला जायचं?"

"सर, बारा माणसांच्या पोटात मीठ गेलंय. खोलातच जायचंय. माझं नाव लिहा."

"अगं, नाव कशाला? कंपनीची इज्जत..."

"पुढच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं की किती मीठ गेलं, तर त्यांना खरं कळायला हवं. आपण एकदा लपवलं की ते आपलं काहीच खरं मानणार नाहीत."

सरांनी स्लाइड पुसली आणि रिपोर्ट पूर्ण लिहिला. राणे सर वाईट माणूस नाहीत. फक्त त्यांना पहिलं वाक्य नेहमी चुकीचं सुचतं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, रिपोर्ट घेऊन आम्ही दोघं दीक्षित मॅडमकडे गेलो. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला. आरडाओरडा केला नाही. म्हणाल्या, "माझ्या दोन अटी आहेत. लाल रबरं राहतील. ट्रस्टला काय सांगायचं ते मी सांगेन. आणि यापुढे नवीन रिलीज आला, की तुमच्या टीमने आधी इथे येऊन जेवायचं. बिनमिठाचं. सॉफ्टवेअर बरोबर आहे की नाही ते तुमच्या तोंडाला कळू दे."

"कधीपासून?" राणे सरांनी विचारलं.

"आत्तापासून. ताटं मागवलीत."

सरांनी पहिला घास घेतला आणि त्यांचा चेहरा बघून परब मामा समाधानाने मान हलवून गेले. सर पाणी पिऊन म्हणाले, "छान आहे." दीक्षित मॅडम म्हणाल्या, "राणेसाहेब, छान म्हणालात तर मला परत तपासावं लागेल." तेव्हा सर म्हणाले, की खरं सांगायचं तर घशाखाली उतरत नाही. सॉफ्टवेअर पास झालं.

जेवल्यावर मी वर वॉर्डात गेले. काकांचं वजन उतरायला लागलं होतं. तांबे काकांसमोर लाल रबराचं ताट होतं आणि ते आमटीकडे शत्रूकडे बघावं तसं बघत होते.

"काका, ती चूक मीच केली होती," मी सांगून टाकलं. "दुसऱ्या कोणी नाही. मी. तुमचा रविवार माझ्यामुळे गेला असता."

काकांनी चमचा ठेवला. "तू?"

"हो."

"यशवंताची सुजाता? पयला नंबर काढणारी?"

"हो काका."

काका म्हणाले, "दिलेला आशीर्वाद मी परत घेत नाय," आणि झाकणाचं लाल रबर काढून त्यांनी मनगटात घातलं.

शनिवारी संध्याकाळी त्यांना सोडलं. रविवारी नायगावच्या मैदानातल्या मंडपात ते मुलाचा हात धरून आले, काखेत हॉस्पिटलची फाइल. मी आईला घेऊन गेले होते. नाव पुकारल्यावर काका उठले, मुलाचा हात सोडला आणि एकटे पुढे गेले. चावी घेतली. परत येऊन बसले, मनगटावरचं लाल रबर काढलं आणि चावीच्या कडीला दोन वेढे देऊन बसवलं. आईने माझा हात घट्ट धरला. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

मग खाण्याच्या बशा आल्या. वेफर्स, कचोरी. काकांनी बशीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी बशी माझ्या हातात दिली. "खा. ही तुझी शिक्षा."

पिवळी ओळ आता आमच्या ऑफिसात कोणी पुसत नाही. ती आधी वाचायची, पूर्ण, आणि दुसऱ्याला वाचून दाखवायची. माझ्या नावाची ओळ असेल तर दोघांना. दर रिलीजला आम्ही परळला जेवायला जातो. नीलेश खिशातून लोणच्याची पुडी आणायचा प्रयत्न करतो आणि दीक्षित मॅडम ती दारातच काढून घेतात.

मध्यंतरी आईबरोबर तांबे काकांच्या नव्या घरी गेले. पंधराव्या मजल्यावर, दोन खोल्या, खिडकीतून समुद्राची एक पट्टी दिसते. तब्येत चांगली होती, पण चेहरा पडलेला. मी विचारलं, जेवणाचं कसं चाललंय.

"बिनमिठाचंच," काका म्हणाले. "सुनेकडं कॉम्प्युटर नाय ना. ती सोता चाखून वाढते. तिथं चुकायची काय आशाच नाय गो."